चौथी ऑर्डर हातात येईपर्यंत: माहीमच्या खाडीचं भरती-मॉडेल

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी समुद्राला भरती होती. मुंबईत पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं काम करणाऱ्यांना तेव्हापासून दोन प्रश्न सुटत नाहीत. भरतीत नाल्याचं मुख किती वेळ बंद राहणार? आणि पंपांनी उपसलेलं पाणी खाडीत सोडलं की खाडीच किती चढणार? ही दोन उत्तरं काढण्यासाठी मी मिठी नदीच्या भरतीच्या पट्ट्यासारखी एक कागदावरची खाडी घेतली. लांबी ६ किलोमीटर, रुंदी सगळीकडे ४० मीटर. तळ माहीमच्या तोंडाशी सरासरी समुद्रपातळीच्या २.५ मीटर खाली आणि वरच्या टोकाला १ मीटर वर. खरी मिठी अशी सरळ नाही, पण पद्धतीची ऑर्डर (जाळी दुप्पट बारीक केली की चूक किती झपाट्यानं उतरते; चौथ्या ऑर्डरमध्ये १६ पट) तपासायची तर आधी साधाच पट्टा हवा.

समीकरणं उथळ पाण्याची, म्हणजे प्रत्येक ठिकाणची खोली आणि वेग सांगणारी. पद्धत डिसकंटिन्यूअस गॅलर्किन, म्हणजे डीजी: खाडीचे तुकडे (घटक) करायचे आणि प्रत्येकात वेगळा पॉलिनॉमियल बसवायचा. प्रत्येक घटकात तिसऱ्या डिग्रीचा पॉलिनॉमियल, म्हणजे गुळगुळीत उत्तरावर चौथी ऑर्डर मिळायला हवी. १०० मीटरचे ६० घटक, प्रत्येकात ४ नोड, म्हणजे जिथे उत्तराची किंमत साठवतो ते बिंदू.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. नुसत्या भरतीसाठी या पद्धतीची गरज नाही. ४ मीटर खोलीत लाट सेकंदाला सुमारे ६.३ मीटर जाते. मुख्य चांद्र भरतीचा काळ १२.४२ तास, म्हणजे ४४,७१२ सेकंद. लाटेची लांबी २८० किलोमीटर झाली. ६ किलोमीटरच्या पट्ट्यात ती जवळजवळ सरळ रेषाच असते, दुसऱ्या ऑर्डरची पद्धतही ती नीट काढते. खरी गरज पंपांच्या लाटेला आहे. मुंबईच्या उपसा केंद्रांत सेकंदाला ६ घनमीटरचे पंप असतात. असे सहा पंप दोन मिनिटांत पूर्ण जोरात आले तर सेकंदाला ३६ घनमीटर पाणी खाडीत शिरतं. ओहोटी निम्मी झालेली असताना खोली २ मीटर धरा, लाटेचा वेग सेकंदाला ४.४ मीटर. पाणी दोन्ही बाजूंना पसरतं, म्हणून चढ येतो सुमारे १० सेंटिमीटर आणि त्या चढाच्या उताराची लांबी साधारण ५३० मीटर. १०० मीटरच्या जाळीत हा उतार पाच घटकांत मावतो. दुसऱ्या ऑर्डरची पद्धत त्याला पसरट करते, उशिरा पोचवते. चौथ्या ऑर्डरमध्ये त्याच पाच घटकांत वीस नोड पडतात आणि उतार टिकतो.

नोड समान अंतरावर ठेवू नका. डिग्री वाढली की समान अंतरावरचा पॉलिनॉमियल कडेला हेलकावे खातो. रुंगेनं हे १९०१ मध्ये दाखवलं आणि आजही नवख्यांचे कोड तिथेच बिघडतात. मी गाउस-लोबाट्टो नोड वापरले, घटकाची लांबी उणे १ ते १ धरून: उणे १, उणे ०.४४७२, ०.४४७२ आणि १. त्यांची वजनं १/६, ५/६, ५/६, १/६. काठावर नोड असल्यामुळे शेजारच्या घटकाशी फ्लक्सची, म्हणजे सांध्यातून वाहणाऱ्या पाण्याची आणि संवेगाची, देवाणघेवाण सोपी होते. किंमत एवढीच की हे चार बिंदू पाचव्या डिग्रीपर्यंतच अचूक बेरीज देतात, वस्तुमान मॅट्रिक्सला (घटकातल्या पॉलिनॉमियलच्या आपसातल्या गुणाकारांच्या बेरजांचा तक्ता) लागते सहावी. ऑर्डर त्यानं जात नाही, पण अरेषीय पदांत थोडी गळती होते. खोलीचा वर्ग आणि वेगाचे गुणाकार जिथे येतात, तिथे ती दिसते.

तपासणीची सुरुवात बनवलेल्या उत्तरापासून, म्हणजे आपणच आधी ठरवलेलं उत्तर, जे कोडनं परत काढून दाखवायचं. खोली ३ मीटर अधिक अर्ध्या मीटरची फिरती साइन लाट, वेगही असाच. सिम्पाय या पायथनच्या बीजगणित लायब्ररीनं ते दोन्ही समीकरणांत घालून उरलेलं पद काढलं आणि ते स्रोत म्हणून कोडमध्ये टाकलं. बनवलेलं उत्तर तिसऱ्या डिग्रीच्या आतला पॉलिनॉमियल असेल तर पद्धत ते हुबेहूब पकडते आणि कोडमधली चूक झाकली जाते, म्हणून साइनच घ्या. चूक मोजताना नोडवरच मोजू नका, तिथे ती फसवी कमी दिसते. प्रत्येक घटकात आठ गाउस बिंदूंवर मोजा. मग घटक १५, ३०, ६०, १२०, २४०. दर वेळी चूक १६ पट उतरायला हवी.

पहिल्या दोन पायऱ्यांत १६ पट उतरली. पुढे ९ पट, आणि १२० घटकांवरून २४० घटकांवर जाताना फक्त २ पट. जाड जाळीवर चौथी ऑर्डर आणि बारीक जाळीवर पहिली, हे लक्षण ओळखून ठेवा: कुठेतरी एक पहिल्या ऑर्डरची चूक दडलेली असते, ती लहान असते, आणि बाकीच्या चुका खाली गेल्या की वर येते. इथे ती तोंडावरच्या बाउंड्री कंडिशनमध्ये, म्हणजे तिथे बाहेरून दिलेल्या समुद्राच्या पातळीत होती.

वेळेच्या पायऱ्यांसाठी मी पाच टप्प्यांची, चौथ्या ऑर्डरची, स्थिरता जपणारी रुंगे-कुट्टा पद्धत घेतली आहे; ती वेळेची एक पायरी अनेक टप्प्यांत पुढे नेते. तिचे टप्पे पायरीच्या ०, ०.३९१८, ०.५८६१, ०.४७४५ आणि ०.९३५० भागावर येतात. चौथा टप्पा तिसऱ्याच्या मागच्या वेळेवर आहे, हे बघा. कोडमध्ये भरतीची पातळी पायरीच्या सुरुवातीला एकदाच काढून पाचही टप्प्यांना तीच दिली होती. म्हणजे समुद्र सरासरी अर्धी पायरी मागे. उधाणाच्या वेळी भरतीचा आयाम, म्हणजे सरासरी पातळीपासूनचा कमाल चढ, १.७ मीटर धरला तर पाणी सेकंदाला जास्तीत जास्त ०.२४ मिलिमीटर चढतं. १ सेकंदाच्या पायरीत चूक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. आलेखावर ती कुणालाही दिसणार नाही. बनवलेल्या उत्तराच्या तक्त्यात मात्र लपत नाही. प्रत्येक टप्प्याला त्याच्या स्वतःच्या वेळेची पातळी दिली आणि १६ची पट परत आली.

त्यानंतर चूक १० चा उणे ७वा घात या पातळीवर अडली आणि तिथून हलेना. तळाची फाइल वाचताना तो अ‍ॅरे बत्तीस बिटांचा राहिला होता. चौसष्ट बिटांचा केला, प्रश्न मिटला.

आता खरी भरती. इथे सर्वात मोठ्या चुका होतात आणि त्यांचा ऑर्डरशी संबंध नसतो. डेटम म्हणजे पातळी जिथून मोजतात ते शून्य. अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीच्या पातळ्या चार्ट डेटमवर, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यावर असतात. सरासरी समुद्रपातळी त्याच्यावर सुमारे २.५१ मीटर. सर्वे ऑफ इंडियाच्या पातळ्या सरासरी समुद्रपातळीवर, आणि महापालिकेच्या जुन्या नकाशांवर टाउन हॉल डेटम हे तिसरंच शून्य. पावसाळ्यात ४.५ मीटरच्या वरच्या भरतीची यादी जाहीर होते ती चार्ट डेटमवर आहे. ती थेट तळाच्या पातळीसोबत वापरली तर खाडी अडीच मीटर जास्त भरते. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत डेटम लिहा. मी आता डेटम नसलेली फाइल कोडला वाचूच देत नाही.

दुसरी चूक तासातासाच्या पातळ्या सरळ रेषांनी जोडण्याची. वरच्याच आयामासाठी दोन तासांच्या मधोमध ही चूक ५ सेंटिमीटरपर्यंत जाते. ज्या पंपाच्या लाटेसाठी हा सगळा खटाटोप, ती १० सेंटिमीटरची आहे! शिवाय दर तासाला उतारात कोपरा पडतो. त्या कोपऱ्यावर चौथ्या ऑर्डरची पद्धत चौथ्या ऑर्डरची राहत नाही आणि प्रत्येक कोपऱ्यातून एक बारीकशी खोटी लाट खाडीत निघते. भरतीच्या वेळा आणि ओहोटीच्या वेळा कोसाइननं जोडणं बरं, पण तिथेही दुसरा डेरिव्हेटिव्ह तुटतो. योग्य मार्ग हार्मोनिक घटकांचा, म्हणजे ठरावीक काळाच्या साइन लाटांची बेरीज करून भरती बनवण्याचा: १२.४२ तासांचा मुख्य चांद्र, १२ तासांचा सौर, आणि २३.९३ व २५.८२ तासांचे दैनिक. मुंबईत दैनिक घटक दुर्लक्ष करण्याइतके छोटे नाहीत, दिवसातल्या दोन भरत्या म्हणूनच असमान असतात. सुरुवात शांत पाण्यापासून करायची आणि भरती दोन चक्रांत हळूहळू वाढवायची. ती वाढही गुळगुळीत वक्रानं, सरळ रेषेनं नाही.

स्थिर तळ्याची चाचणी कधीही गाळू नका. पाण्याची पातळी सपाट, वेग शून्य, तळ उंचसखल. दहा हजार पायऱ्यांनंतरही वेग शून्यच हवा, यंत्राच्या अचूकतेएवढा. माझ्या पहिल्या आवृत्तीत बंद खाडीत सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरचे प्रवाह आपोआप सुरू झाले. कारण असं: पाण्याच्या दाबाचा उतार आणि तळाच्या उताराचं पद एकमेकांना तंतोतंत खोडायला हवेत, पण एक फ्लक्समधून काढलं जातं आणि दुसरं स्रोतातून, दोघांच्या चुका वेगळ्या. उपाय असा की तळ त्याच नोडवर ठेवायचा, घटकांच्या सांध्यावर सलग, आणि दोन्ही पदं एकत्र करून खोली गुणिले पाण्याच्या पातळीचा उतार, असं लिहायचं. पातळी सपाट असेल तर तिचा उतार शून्य, मग तळ कसाही असो.

पंपाचं पाणी कुठे टाकायचं, यावरही ऑर्डर अवलंबून आहे. एका बिंदूवर पाणी आत आलं की तिथे प्रवाहाला पायरी पडते. तो बिंदू घटकाच्या पोटात असेल तर तिसऱ्या डिग्रीचा पॉलिनॉमियल ती पायरी गिळू शकत नाही, घटकभर हेलकावे उठतात. तोच बिंदू दोन घटकांच्या सांध्यावर आणला तर काम होतं, कारण डीजीमध्ये सांध्यावर उत्तर तुटायला मोकळीक असतेच. म्हणून जाळी आखताना आधी उपसा केंद्रं आणि नाल्यांची मुखं मांडायची, तिथे सांधे पाडायचे, आणि उरलेल्या लांबीचे भाग करायचे. घटक १०० ऐवजी ९४ किंवा १०७ मीटरचे झाले तरी चालेल.

ओहोटीला वरचा भाग कोरडा पडतो, चिखल उघडा होतो. तिथे चौथ्या ऑर्डरची हाव सोडा. पाण्याच्या काठावर उत्तर गुळगुळीत नसतं, आणि १९५९ सालचं गोदुनोव्हचं प्रमेय सांगतं की हेलकावे न आणणारी रेषीय पद्धत पहिल्या ऑर्डरच्या वर जात नाही. मी तिथे फक्त खोली ऋण होऊ न देणारा लिमिटर ठेवला. घटकाची सरासरी खोली तशीच ठेवून पॉलिनॉमियल त्या सरासरीकडे आक्रसायचा, सर्वात उथळ नोड शून्याच्या वर येईपर्यंत. ऋण खोली सरळ शून्य करण्याचा शॉर्टकट कधीही घेऊ नका, कारण दर वेळी थोडं पाणी हवेतून जन्म घेतं. एका पायरीत नगण्य, पण चक्रात अशा हजारो पायऱ्या असतात.

या लिमिटरची अट कडक आहे. डिग्री ३ साठी पायरी घटकाच्या लांबीच्या बाराव्या भागाला कमाल वेगानं भागून येते त्यापेक्षा मोठी नको. हा बारावा भाग म्हणजे काठच्या लोबाट्टो वजनाचा निम्मा. मोठ्यात मोठ्या भरतीत तोंडाशी खोली ४.७ मीटर, लाटेचा वेग ६.८ आणि पाण्याचा १.२ धरून १०० मीटरच्या घटकाला जवळपास १ सेकंद मिळतो. आणि वेळेची पद्धत स्थिरता जपणारीच हवी. नेहमीची चार टप्प्यांची रुंगे-कुट्टा इथे हमी देत नाही.

घर्षणाचा आणखी एक फटका. मॅनिंगचा गुणांक (तळाच्या खडबडीतपणाचं माप) ०.०३, वेग सेकंदाला १ मीटर. खोली १ सेंटिमीटर असताना घर्षणाचा दर सेकंदाला सुमारे ४, आणि १ मिलिमीटरवर सुमारे ८८. १ सेकंदाच्या पायरीत हे सरळ पद्धतीनं केलं तर वेगाची दिशाच उलटते आणि कोड फुटतो. घर्षण तेवढं इम्प्लिसिट करा, म्हणजे पायरीच्या शेवटच्या वेगावर काढा; एका नोडला एकच भागाकार लागतो.

शेवटी खाडीतल्या पाण्याचा ताळेबंद. आत्ताचं पाणी वजा सुरुवातीचं, वजा तोंडातून आलेलं, वजा पंपांचं, बाकी शून्य. तोंडातून आलेलं पाणी मोजताना रुंगे-कुट्टाच्या टप्प्यांची तीच वजनं वापरा, नाहीतर कोड बरोबर असूनही हिशेब जुळणार नाही.

पंपाच्या लाटेचं अचूक उत्तर हाताशी नसतं, म्हणून २००, १०० आणि ५० मीटरच्या तीन जाळ्यांवर एकाच ठिकाणची शिखराची वेळ काढली. पहिल्या दोन जाळ्यांतला फरक भागिले पुढच्या दोन जाळ्यांतला फरक, त्याचा २ च्या पायाचा लॉगॅरिदम म्हणजे प्रत्यक्ष ऑर्डर. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागात ती चारच्या जवळ येते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भागात एक आणि दोनच्या मध्ये, आणि तिथलं उत्तर सांगताना मी तीन जाळ्यांतला फरकही शेजारी लिहितो.

पुढची पायरी तिवरांसकट द्विमितीय माहीमची. तिथे त्रिकोणात १० नोड येतात आणि सगळ्या नकाशाची पायरी सर्वात लहान त्रिकोण ठरवतो. तिवरांच्या कडेनं हुबेहूब जाळी आखली की ५ मीटरचा एखादा चपटा त्रिकोण पडतोच आणि पायरी वीसपट लहान होते. म्हणून जाळी बनवल्याबरोबर, काहीही चालवण्याआधी, सर्वात लहान दहा त्रिकोण नकाशावर लाल रंगात काढून बघतो आणि त्यांच्याजवळची किनाऱ्याची रेषा हातानं सरळ करतो.