फॅमिली वॅगनची हॉट रॉड करताना

डेट्रॉइटच्या आसपास राहिलं की जुन्या गाड्यांचं वेड लागायला वेगळं निमित्त लागत नाही. मला लागलं ते वॅगनचं, म्हणजे मागे डिकीऐवजी छताखालीच लांब मोकळा डबा असलेल्या गाडीचं. १९५७ ची शेव्हरोले नोमॅड, ती दोन दारांची देखणी वॅगन, खिशाला झेपणारी नव्हतीच. त्याच वर्षीची चार दारांची टाउन्समन मात्र फारशी कुणाला नको असते. मागचे पंख तेच, तोंडवळाही तोच, किंमत बरीच कमी. तीच घेतली, हॉट रॉड करायला, म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवून ती पळवायला. माझ्या गाडीचं मूळचं सहा सिलिंडरचं, १४० अश्वशक्तीचं इंजिन जाम झालेलं, त्यामुळे काही अस्सल मोडतोय ही रुखरुखही नव्हती. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर सांगलीहून आई म्हणाली, "अरे, ही तर ॲम्ब्युलन्स! कुणाला न्यायचंय?"

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. गालिचा उचलला तर पत्र्याच्या भोकांतून गॅरेजची फरशी दिसली. कापा, नवा पत्रा बसवा, वेल्डिंग करा. त्या कंटाळवाण्या कामाबद्दल जास्त लिहीत नाही.

इंजिन भंगारातल्या एका सिल्व्हराडो पिकअपचं घेतलं, ५.३ लिटरचं व्ही-८, बिडाच्या ब्लॉकचं. स्वस्त आणि दणकट. पिकअपचं ऑइल चेंबर खोल असतं, या गाडीत ते फार खाली लोंबतं, म्हणून उथळ चेंबर लावलं. इंजिनच्या कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी यंत्रणा आधी बंद करून घ्यावी लागते, नाहीतर इंजिन सुरू होतं आणि लगेच मान टाकतं. जुन्या कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय (दाबाचं एकक) दाबाने पेट्रोल पुरायचं, पेट्रोल फवारणाऱ्या या इंजेक्शनला ५८ लागतं. शिवाय जुन्या टाकीत आडव्या भिंती नाहीत. वळणावर पेट्रोल एका कडेला गेलं की पंप हवा ओढणार. टाकीच बदलली, पंप आत असलेली.

ब्रेक मात्र इंजिनला पहिली किल्ली मारण्याआधीच केले. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. एका नळीला गळती लागली की पायाखाली काहीच उरत नाही. पुढे डिस्क आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर हा खर्च मी हौसेत धरत नाही.

एवढं सगळं कुठल्याही जुन्या शेव्हरोलेला करावं लागलं असतं. वॅगनने खरा इंगा दाखवला तो मागच्या बाजूने. मागे एवढा मोकळा डबा, त्यात एक्झॉस्टचा आवाज असा घुमायचा की हायवेवर शेजारी बसलेल्या बायकोशी खुणांनी बोलायची वेळ आली. इंजिनच्या झडपा उघडणारा कॅम बदललेला, मागच्या चाकांपाशी साडेतीनशे अश्वशक्तीच्या घरात, म्हणजे आवाज येणारच. पण ठरावीक आरपीएमला पत्राच गुणगुणायला लागतो. जमिनीला, चाकांवरच्या उंचवट्यांना आणि छताला आतून आवाज दाबणारे ब्युटाइल रबराचे तक्ते चिकटवले, दोन्ही पाइपांना घुमणारा आवाज मारणारे रेझोनेटर जोडले, तेव्हा कुठे माणसात आलो.

दुसरी गोष्ट आवाजापेक्षा गंभीर. वॅगनची पाठ उभी असते. गाडी पळते तेव्हा पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर त्या पोकळीत रेंगाळतो. मागची काच उचललेली असली, किंवा खालच्या फळक्याचं रबर गेलेलं असलं, की तोच धूर आत. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. पाइपांची तोंडं मागच्या चाकांमागून बाजूला, बॉडीच्या कडेबाहेर काढली, रबरं सगळी नवी घातली आणि मीटर घेऊन बायकोला मागे बसवलं. (तिने याबद्दल जेवण वसूल केलं.) काटा शून्यावर राहिला.

याच जड पाठीचा फायदाही आहे. वजन मागच्या चाकांवर येतं आणि सुटताना टायर घसरत कमी बसतात. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, या वॅगनना एके काळी मान होता तो यासाठीच.

कागदपत्रांचं एवढंच. मिशिगनमध्ये जुन्या गाडीची ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, पण तिच्यावर प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम एवढंच चालतं. मनसोक्त फिरायची मुभा फक्त ऑगस्टमध्ये, डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची मोठी क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, असते त्याच महिन्यात. मला वाणसामान आणायलाही हीच न्यायची होती, म्हणून साधी प्लेट घेतली. विमा मात्र आधी ठरवलेल्या किमतीचा घेतला. सहा सिलिंडरच्या गंजक्या टाउन्समनचा बाजारभाव धरला असता, तर नुसत्या ब्रेकचेही पैसे निघाले नसते.