मारुतीच्या कमरेला पाणी: आमच्या गेमची वाटचाल

आमचं पोट चालतं ते नाशिकच्या अंबड आणि सातपूरमधल्या कारखान्यांवर. मशीनची थ्रीडी मॉडेलं, कामगारांच्या ट्रेनिंगची ॲनिमेशनं, गिअरबॉक्सच्या आत काय फिरतंय ते उलगडून दाखवणं, असली कामं. बिलं उशिरा सुटतात, पण सुटतात. त्यातूनच गेमचा खर्च निघतो.

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणारा गोष्टीतलं एक पात्र होऊन निर्णय घेतो तसला, करायचा हे पक्कं होतं आणि त्यात बर्फातले किल्ले नि ड्रॅगन नकोत, हेही. नाशिककराला पूर कळतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळ्यांचा एकच प्रश्न: गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं? क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण भांडी बाजारातला दुकानदार माल माडीवर चढवतो तो मारुतीकडे बघून.

आमचं जग तिथून निघालं. एका अवाढव्य ग्रहाचा चंद्र, त्यावर एकच नदी, काठाला वस्ती. आपल्या गुरू ग्रहाभोवती त्याच्या गॅनिमीड या चंद्राची एक फेरी होते तोवर युरोपा या चंद्राच्या दोन आणि आयोच्या चार होतात; या ओढाताणीत आयो आतून तापत राहतो. तीच ओढाताण आम्ही नदीला लावली. आमच्याकडे शेजारचे चंद्र रांगेत आले की पाणी चढतं.

गेममध्ये घड्याळ नाही, घाटावर मूर्ती आहे. पाणी पायाशी असलं तर नावाडीण गप्पा मारत उधारीवर पलीकडे सोडते. कमरेला लागलं की रोख मागते. गळ्याशी आलं की होडी वर ओढून घरात बसते, आणि तुमचा क्वेस्ट, म्हणजे हाती घेतलेली कामगिरी, पलीकडच्या काठावर अडकलेला! या एका आकड्यावर गावातल्या प्रत्येकाचं बोलणं बदलतं, त्यामुळे टेस्टिंगला जीव नकोसा होतो. नदीच्या देवीशी बोलणी करायची, की जुन्या यानातले पंप दुरुस्त करून बंधाऱ्याची दारं उचलायची, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. पंप मात्र अस्सल दिसतात. अंबडची कृपा.

गेममधला पैशाचा व्यवहार नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतून आला. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे. त्यानं ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायम ठेव ठेवली: २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आम्ही जसाच्या तसा उचलला. सापडलेलं सोनं श्रेणीकडे टाका आणि व्याजावर शस्त्रं घ्या. राक्षस मारला की नाण्यांचा पाऊस, हा प्रकार मला कधीच पटला नाही. राक्षसाच्या खिशात नाणी येतात कुठून?

संवाद मराठीतच. गेम बनवायचं सॉफ्टवेअर असलेल्या गोडो इंजिनची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तिच्यात जोडाक्षरं नीट उमटतात; तो प्रश्न तिथे मिटला. आवाज ओळखीपाळखीतलेच.

पहिलं प्रकरण आता खेळण्याजोगं झालंय. कॉलेज रोडच्या काही पोरांना दिलं, तर त्यांची एकच तक्रार: व्याज फार हळू चढतं. आमच्या सीएनी मात्र दर ऐकून विचारलं, "महिन्याला शेकडा एक? पैसे कुठे भरायचे?"