तेरा वर्षांनी एकदाचा 'के' वापरला

शेवटी केलंच. २०१२ साली हट्टाने इंटेलचा आय५ २५००के प्रोसेसर घेतला होता, का तर 'के' असला की मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) अनलॉक्ड म्हणजे आपल्याला वाढवता येण्यासारखा असतो, पुढेमागे ओव्हरक्लॉक करू, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवू म्हणून. ते पुढेमागे यायला तेरा वर्षं लागली. मधल्या काळात रॅम वाढवली, एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड दोनदा बदललं, पण बायोसच्या (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) त्या पानाला हात लावायची हिंमत झाली नाही, डोक्यात एकच, जळला तर? आता विंडोज ११ याच्यावर अधिकृतपणे चालतच नाही, म्हणजे गडी तसाही निवृत्तीला आलाय, मग म्हटलं आता नाही तर कधी.

परवा आधी सगळा बॅकअप घेतला (या दोन दिवसांत केलेली बहुतेक ही एकच शहाणपणाची गोष्ट). मग बॉक्सबरोबर आलेला बुटका कूलर काढला, खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून मोठा टॉवर कूलर बसवला. यातच अख्खी दुपार गेली.

रात्री डिलीट दाबून बायोसमध्ये. खरं सांगायचं तर करायचं फार काही नसतंच. १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर, झाला वेग. बेस क्लॉकला हात लावायचा नाही कारण या पिढीत डिस्कचं साटा, कार्डांचं पीसीआय सगळं त्याच्याच तालावर चालतं, तो थोडा जरी जास्त वाढवला तरी बाकीचे रुसतात. म्हणून फक्त मल्टिप्लायर. चारही कोअर (प्रोसेसरच्या आतले गणितं करणारे भाग) कामाला लागले की हा मूळचा ३.४ गिगाहर्ट्झवर म्हणजे ३४ च्या मल्टिप्लायरवर चालतो, मी ४० टाकला, सेव्ह, रिस्टार्ट, छातीत धडधड. विंडोज आलं! घाईघाईने सीपीयू-झेड (चालू वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर आकडा १६०० मेगाहर्ट्झ. हे काय, वाढायच्या ऐवजी निम्म्यावर आला की काय! पाच मिनिटं बायोसमध्ये जा-ये केल्यावर ट्यूब पेटली, काम नसताना तो स्वतःच १६ वर उतरतो, वीज वाचवायला. लोड दिल्याबरोबर ४०००. हसू आलं स्वतःचंच.

मग काय, ४२, ४३, ४५. व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवलं नाही, कारण बोर्ड अशा वेळी गरजेपेक्षा सढळ हाताने देतो हे वाचलं होतं. ४५ ला १.३४ व्होल्ट दिले, सिनेबेंच (प्रोसेसरचा कस लावणारी चाचणी) दोनदा पास, तास दीड तास गेम खेळलो, काही नाही. हावरटपणा नडला तो इथे, थेट ४८. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. तीन-चार वेळा बंद-चालू, तेच. तोंडचं पाणी पळालं. मग पॉवर केबल काढून बोर्डावरची ती नाण्याएवढी बॅटरी बाहेर काढली, दहा मिनिटं नुसता बघत बसलो, परत लावली आणि बायोस पहिल्या दिवसासारखा कोरा होऊन समोर! जीव भांड्यात पडला. म्हणजे तेरा वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंच होतं. प्रोसेसर खूप तापला तर आधी स्वतःच वेग कमी करतो आणि तरी नाही भागलं तर बंद पडतो, जळायच्या आधी बरंच काही होतं. व्होल्टेज मात्र जपून, तिथे चूक झाली तर परत फिरणं नाही.

परत ४५ लावला आणि त्याच खुशीत घरचे दोन जुने व्हिडिओ एन्कोडला (नव्या फॉरमॅटमध्ये बदलायला) टाकून दिले, मस्त झाले. झोपायच्या आधी सहज प्राइम९५ (प्रोसेसरला सतत गणितं करायला लावणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवलं.

आणि आज सकाळी जे दिसलं त्यावरच खरं तर लिहायला बसलोय. मशीन चालू, माउस हलतोय, ब्लू स्क्रीन नाही, रिस्टार्ट नाही, सगळं आलबेल. फक्त प्राइम९५च्या चारपैकी एक वर्कर (एकेका कोअरवर गणितं करणारा) थांबलेला, रात्री दोन तास चाळीस मिनिटांनी. राउंडिंग (उत्तर पूर्णांकात आणताना पडणारा फरक) ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. बस एवढीच ओळ.

प्राइम९५ मुळात मोठमोठ्या मर्सेन मूळ संख्या (दोनच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या) शोधायला बनलेलं आहे, तो प्रकल्प १९९६ पासून चालू आहे, आणि त्याच्या टॉर्चर टेस्टमध्ये अशी गणितं असतात ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत. म्हणजे माझ्या प्रोसेसरने रात्री कधीतरी एक गणित चुकवलं आणि तो तसाच शांतपणे पुढे गेला असता. उत्तर माहीत होतं म्हणून पकडला. एन्कोडचं उत्तर कुणाला माहीत असतं? ब्लू स्क्रीन परवडली, निदान ओरडून सांगते तरी. हे म्हणजे हिशेब चुकवून वर गालात हसणारा कारकून.

बरं, लोड आल्यावर व्होल्टेज जरा खाली बसतं, बायोसमध्ये १.३४ टाकले तरी रात्री १.३० च्या आसपासच मिळत होते. आणखी वाढवता आले असते. पण मग कागदावर आकडे मांडले. उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाने आणि वर वेगाच्या पटीत वाढते. ४.३ ला १.२५ व्होल्ट पुरत होते. तिथून ४.५ ला १.३४ म्हणजे वेग पाच टक्केसुद्धा नाही आणि वीज वीस टक्के जास्त, तेही चुकीच्या उत्तरांसकट. कशासाठी, सीपीयू-झेडच्या स्क्रीनशॉटसाठी?

४३ वर आणला. सकाळपासून आठ तास प्राइम९५, चारही वर्कर चालू, तापमान ६८ च्या वर गेलं नाही. मूळ ३.४ पासून सव्वीस टक्के जास्त, म्हाताऱ्याला पुष्कळ झालं.

काल केलेले ते दोन व्हिडिओ मात्र डिलीट केले. बघितले तर ठीक दिसत होते, कुठेही फुटलेले नाहीत, पण मन मानेना. आता मूळ फाइल्सवरून परत लावलेत, पहिला ३४ टक्क्यांवर आहे.