डबलसीट बसलं की उडणारा फ्यूज

"भाऊ, गाडी सिग्नलवरच बंद पडून राहिली. अन् तेही मिसेस मागं बसली असली तरच. मी एकटा बुटीबोरीले जातो-येतो, तवा काहीच नाही होत."

मे महिन्यातली रविवारची सकाळ. मानेवाडा रोडवरच्या माझ्या दुकानासमोर नवरा-बायको गाडी ढकलत आले होते. गाडी १२५ सीसी, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची. तो बुटीबोरी एमआयडीसीत कामाला, ती मेडिकल चौकाजवळच्या एका दवाखान्यात नर्स. सकाळी सातच्या ड्युटीला तो तिला सोडतो आणि तसाच अजनीवरून वर्धा रोडला लागतो. मानेवाडा चौक ते मेडिकल चौक एवढ्याच पट्ट्यात गाडी कुठेतरी एकदम मरायची. मीटर बंद, हॉर्न बंद, सगळंच बंद. नवा फ्यूज टाकला की चालू. तिला उतरवलं की बुटीबोरीपर्यंत आणि संध्याकाळी घरापर्यंत काही तक्रार नाही. त्या दिवशी खिशातले फ्यूज संपले होते, म्हणून ढकलत आणली.

दोन गॅरेज आधीच झाली होती. नवी बॅटरी, नवा मेन स्विच, इंजेक्टरची सफाई, सगळं करून झालं होतं. सिग्नलवर बंद पडते म्हणजे आयडलिंगचा, उभ्या गाडीचं इंजिन मंद चालण्याचा लोचा, असं एकाने ठरवलं होतं. दुसऱ्याने उन्हावर ढकललं.

मग तो जरा हसत म्हणाला, "घरी आता हिच्या पायगुणावर बोलणं सुरू झालं."

ती हसली नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून ती सावलीत उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती. मला ते फार लागलं. वायरिंगमधल्या दोषाचं खापर तिच्या माथी फुटावं, हे नुसतं ऐकून सोडून देता येईना. हातातलं काम बाजूला ठेवलं आणि गाडी आत घेतली.

उन्हाचं म्हणाल तर नागपूरच्या मे महिन्यात ते साव नाही, हे खरं. पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचा इशारा देणारं वेटोळं; त्याची बारीक तार गरम झाली की आतून तुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. बॅटरीचं चार्जिंग आवरणाऱ्या आरआर युनिटचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, वितळतो. बॅटरीतलं पाणी आटतं. असल्या गाड्या दुपारी रस्त्यात बसतात आणि झाडाखाली थोडा वेळ उभ्या केल्या की आपोआप चालू होतात. पण त्यात फ्यूज उडत नाही. आणि ही गाडी तर पहाटेच्या गारव्यानंतर, सातच्या आत बंद पडत होती.

त्याने जपून ठेवलेले जळके फ्यूज मी मागून घेतले. जळका फ्यूज कोणी टाकून देऊ नये असं माझं मत आहे, कारण बिघाडाचा निम्मा पत्ता त्यातच असतो. आतली पट्टी मधोमध सावकाश वितळून तुटली असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर लोड थोडा जास्त होऊन राहिला. खिडकी काळी-चंदेरी माखलेली असेल, तर पॉझिटिव्ह थेट बॉडीला लागला. त्याचे सगळे फ्यूज काळे होते.

होल्डरमध्ये मात्र हिरवा फ्यूज दिसला. जागा निळ्याची, म्हणजे १५ अँपिअरची. हिरवा म्हणजे ३०. सारखा उडतो म्हणून कोणीतरी मोठा बसवून दिला होता. त्यांना विचारलं तर तीच म्हणाली, "हा टाकल्यापासून जळका वास यायचा." आणि शेवटी तोही उडाला. फ्यूज हा वायरच्या जिवासाठी असतो. वायर झेपेल त्याहून मोठा फ्यूज टाकला की आधी वायर तापते, मग फ्यूज उडतो, आणि ही तापलेली वायर पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर असते. असं काम करून देणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

बॅटरी मीटरवर १२.७ व्होल्ट, गाडी चालू करून रेस दिल्यावर १४.१. चार्जिंग ठीक. चार्जिंगची कॉइल आणि आरआरचा विषय तिथेच मिटला.

मग मी त्याला सोडून तिला विचारायला लागलो. मागे बसणाऱ्याला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. बंद पडते तेव्हा नेमकं काय होतं? खड्डा असतो का? हँडल वळलेलं असतं का?

"नाही, रस्ता सरळच असतो," ती म्हणाली. "हे ब्रेक दाबतात तेव्हा जाते. सिग्नल लांब असला तरी, म्हशी आडव्या आल्या तरी. एकदा तुकडोजी पुतळ्यापाशी उभं राहायच्या आधीच गेली. अन् मी मागं सरकून बसले तर लवकर जाते."

एवढ्या मोजक्या शब्दांत इतकी कामाची माहिती गाडीवाले सहसा देत नाहीत. वॉर्डात रोज पेशंटवर नजर ठेवणाऱ्या बाईचं ते बघणं होतं.

आता हिशोब सोपा झाला. ब्रेक लाइटचा बल्ब २१ वॅटचा, १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खातो. तेवढ्याने १५ चा फ्यूज उडणं शक्य नाही. म्हणजे ब्रेक स्विचकडून मागे जाणारी वायर कुठेतरी फ्रेमला लागत होती, आणि तीही मागे वजन पडल्यावरच. त्याच वायरीला चिकटून टेल लाइटची वायर जाते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही, त्यामुळे टेल लाइटही कायम पेटलेला. ती वायर सोलली असती तर ही बसताक्षणी फ्यूज गेला असता, ब्रेकची वाट बघितली नसती. दोष ब्रेकच्याच वायरीत होता. जुनी एसी सीडीआयची, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारी गाडी असती तर फ्यूज उडूनही किक मारून घरी आली असती. या गाडीत ब्रेक लाइट आणि पेट्रोलचा पंप एकाच फ्यूजवर, म्हणून पंपच बंद आणि इंजिनही बंद.

हिशोब जमला तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी वायरिंग फाडत नाही. फ्यूजच्या जागी ३५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडला. शॉर्ट झाला तर फ्यूज न जळता हा बल्ब भकदिशी पेटतो, आणि करंट तीन अँपिअरच्या पुढे जात नाही. पंपाचा कपलर काढला, चावी दिली. ब्रेक दाबला. माझा बल्ब आणि मागचा ब्रेक लाइट, दोन्ही मिणमिणते. म्हणजे आत्ता शॉर्ट नाही.

"आता मी बसते," म्हणत ती पुढे आली.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही नका बसू. तुम्ही इथं उभं राहून बघा." दुकानातल्या पोराला मागच्या सीटवर बसवलं आणि ब्रेक दाबला. माझा बल्ब एकदम लख्ख पेटला आणि मागचा ब्रेक लाइट विझला. पोरगा उठला, दोन्ही पुन्हा मंद. तो बसला, लख्ख. मग तिच्या नवऱ्यालाच बसवलं. तेच झालं. तो बल्बकडे आणि मग बायकोकडे बघायला लागला. काही बोलला नाही.

सीट उतरवली. मागच्या भागात, सीटचं रबर ज्या पट्टीवर टेकतं, बरोबर तिथे वायरिंगची जुडी आडवी पडलेली होती. तिला धरून ठेवणारी क्लिप सुटून लोंबत होती. वरची टेप दबून चपटी झालेली, आणि हिरव्या-पिवळ्या वायरीवर नखाएवढी फट. आत तांबं चमकत होतं. खाली पट्टीच्या धारेवरचा रंग उडून लोखंड उघडं पडलेलं आणि तिथे ठिणग्यांनी पडलेला काळा खड्डा. मी टॉर्च धरला आणि दोघांना वाकून बघायला लावलं.

"सीट केव्हा उतरवली होती?"

"होळीच्या आसपास. नवं कव्हर टाकलं," तो म्हणाला. फ्यूज उडायला लागला तोही त्यानंतरच.

दुरुस्तीत वेळ गेला तो ३० च्या फ्यूजमुळे. नुसती फट बुजवून भागत नव्हतं. वायर तापून तिचं आवरण स्विचपर्यंत कडक झालं होतं, वाकवलं की तडकत होतं. तो सगळा तुकडा काढून त्याच जाडीची नवी वायर ओढली, सांधे डाख देऊन स्लीव्हमध्ये घेतले, पट्टीची धार कानशीने मारून रंग दिला, जुडी बाजूने फिरवून क्लिपमध्ये बसवली. निळा फ्यूज टाकला. हिरवा त्याच्या हातात देऊन सांगितलं, हा पुन्हा कोणी बसवू लागला तर गाडी घेऊन निघून यायचं.

ती म्हणाली, "तो जुना तुकडा मला द्या. सासूबाईंना दाखवते."

अर्धा तुकडा कापून दिला, फट असलेला. दोघं डबलसीटच गेले. पुढच्या गतिरोधकापर्यंत त्याने उगाच ब्रेक दाबून बघितले ते मला दुकानातून दिसत होतं, लाइट नीट पेटत होता.

उरलेला तुकडा घेऊन दुसऱ्या दिवशी मी त्या सीटवाल्याकडे गेलो. भांडायला नाही. त्याचा हात चांगला आहे, शिलाई सुबक असते, पण सीटखालची वायर कुठून जाते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे तशीच एक गाडी कव्हरसाठी आलेली होती. सीट खाली काढून ठेवलेली. आम्ही दोघांनी वाकून बघितलं, तर तिचीही क्लिप निघालेली आणि जुडी पट्टीवर आलेली. त्याने हातातली कात्री ठेवली, क्लिप बसवली आणि मला विचारलं, "अजून कोणत्या गाड्यांत असं असते?" मग चहा मागवला, आणि एकेका मॉडेलची वायरिंग कुठून जाते ते मी त्याला त्याच्याच मोजमापाच्या वहीत काढून देत बसलो.