क खालचा ठिपका

भुसावळच्या एका टायपिंग क्लासमध्ये मी लघुलेखन शिकले. सर आधी लघुलेखनाची इंग्रजी पिटमन पद्धत घ्यायचे आणि मग तेच गणित मराठीला लावायचे. व्यंजनं भराभर हातात बसली. तिरपी बारीक रेघ म्हणजे प, तीच दाबून ओढली की ब. घोडं अडलं ते स्वरांपाशी.

स्वर म्हणजे एक ठिपका नाहीतर चिमुकली रेघ, जाड किंवा बारीक. जागा तीन : व्यंजनाच्या सुरुवातीला, मध्यावर, शेवटी. ‘पा मे वी ऑल गो टू’ या वाक्यात सहा दीर्घ स्वर आणि ‘दॅट पेन इज नॉट मच गुड’मध्ये सहा ऱ्हस्व, हे आम्ही पाढ्यासारखं घोकायचो. क ची रेघ आडवी असते. ठिपका तिच्या वर दिला तर स्वर आधी वाचायचा, खाली दिला तर नंतर. उभ्या रेघेला हेच डावं-उजवं. मी महिनाभर डाव्या-उजव्याचा गोंधळ घालत होते. सर रागवायचे नाहीत, माझंच लिहिलेलं मलाच सगळ्यांसमोर वाचायला लावायचे. त्यापेक्षा ओरडा परवडला असता.

एवढं घोकून घेतलं आणि एक दिवस म्हणाले, “पोरी, आता स्वर गाळायला शिक.” मिनिटाला ऐंशी शब्द गाठायचे तर ठिपके द्यायला वेळ कुठला? शब्द ओळीच्या वर लिहिलाय, ओळीवर की ओळ कापून, यावरून पहिला स्वर ओळखायचा. बाकी संदर्भावर. परीक्षा परिषदेचं ऐंशीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा मला वाटलं, स्वरांची कटकट संपली.

पुढे जिल्ह्यातल्याच एका प्रांत कार्यालयात लागले. मे महिन्यातली गोष्ट. कूलर नुसताच घरघरत होता, घामानं वहीचं पान मनगटाला चिकटत होतं. कुळकायद्याचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाच्या हक्काचं, एक जुनं अपील निकालाला आलं होतं. 1 एप्रिल 1957 ला, म्हणजे कायद्यानं कसणाऱ्या कुळाला मालक धरलं त्या कृषक दिनाला, जमीन कोण कसत होतं यावर सगळा वाद. साहेबांना दुपारी नाशिकला बैठकीला निघायचं होतं, त्यामुळे त्यांनी निकालपत्र धावतच सांगितलं. संध्याकाळी पाचच्या आत सात पानं टाइप करून, चार कार्बन लावून, मी अव्वल कारकुनांसमोर ठेवली.

ते आमच्याकडे सगळं मोठ्यानं वाचून ताडायचे. पाचव्या पानावर थांबले.

“ताई, ‘त्या सालापर्यंत वादजमिनीत कूळ नव्हते, असे साक्षीदार मान्य करतात.’ हे कोण म्हणालं?”

“साहेब म्हणाले.”

“साहेब म्हणतील हो. पण म्हातारा असं कधी म्हणाला? असं म्हणाला असता तर सातव्या पानावर अपील मंजूर कसं?”

मी वही काढली. क ची आडवी रेघ, पुढे ळ चा बाक. खाली काही नाही, वर काही नाही. हाच सांगाडा काळीचा, केळीचा, कोळ्याचा आणि कुळाचा. बाक ओळ कापतोय की नुसता टेकलाय, हे मी पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं. घाईत हात घसरला होता, दोन्ही म्हणता येईल असा. शेवटचा शब्द ‘नव्हते’ की ‘नव्हती’, तोही स्वर गाळलेला. दिवसभर कूळ-कूळ ऐकून माझ्या डोक्यात तेच बसलं होतं, म्हणून बोटांनीही तेच उमटवलं.

मग सुनावणीचा दिवस आठवला. यावलकडचा तो म्हातारा, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवलेली. वकिलानं पिकांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “तवय वावरमा केयी नव्हती.” आमच्याकडे अहिराणीत ळ चा य होतो. जबाबाच्या कागदावर कारकुनानं त्याची प्रमाण मराठी करून ‘केळी’ लिहिली होती. फाइलमध्ये ते सापडलं. तरी साहेब काय बोलले हे मला फाइल सांगणार नव्हती, आणि निकालपत्र साहेबांचं होतं, माझं नाही.

रात्री नाशिकच्या विश्रामगृहावर फोन लागला. चूक सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. साहेब क्षणभर गप्प राहिले.

“बाई, केळीच. मी पिकांचा परिच्छेद सांगत होतो. कूळ गेलं असतं तर पुढच्या कोर्टात माझ्या त्या एका ओळीवर सगळं उलटलं असतं. सगळं पान पुन्हा टाइप करा, खोडरबर नको.”

पान पुन्हा टाइप केलं. चारही कार्बन नवे घेतले. जायच्या आधी वहीत त्या क च्या खाली, अगदी मध्यावर, पेन्सिल दाबून जाड ठिपका दिला. शेजारच्या सांगाड्यांवर नजर गेली : माल, मूल, मोल, सगळे एकसारखे, उघडेबोडके. बसची वेळ टळत होती, तरी खुर्ची ओढून बसले आणि एकेकाला ठिपके लावत गेले. उद्या त्या वहीची गरज पडणार नव्हती, हे माहीत असूनही.