तांड्यावरच्या बैठकीत पहिलीच्या पालकांनी विचारलेला प्रश्न

मराठवाड्यातल्या एका तांड्यावर माझी जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. घराघरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीत आलेलं लेकरू आईचं चित्र पाहून 'याडी' म्हणतं, भाकरीला 'बाटी' म्हणतं, आणि मी 'आई', 'भाकरी' म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत राहतं. त्याच्यासाठी मराठी हीच शाळेत भेटणारी नवी भाषा. इंग्रजी तर 2000 सालापासून पहिलीला आहेच. म्हणजे पहिल्याच वर्षी दोन नव्या भाषा.

2025 च्या जूनमध्ये तिसरी येऊन उभी राहिली. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली होती. ओरड झाल्यावर स्थगिती आल्याचं ऐकलं आणि आम्ही निर्धास्त झालो. 16 जूनला शाळा उघडली आणि 17 जूनला नवा शासन निर्णय निघाला. 'अनिवार्य' शब्द गेला, पण हिंदी राहिली. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेतल्या किमान 20 मुलांनी मागणी करायची, अशी अट होती.

21 जूनला योग दिनाचा कार्यक्रम आटोपल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावली. पालक आधीच जमले होते, आणि पेरणीच्या दिवसांत पुन्हा कोण येणार? मी शासन निर्णय वाचून दाखवला. पहिलीतल्या एका मुलीची आई म्हणाली, "सर, वीस लेकरं आणायची कुठून? अख्ख्या शाळेत पटावर किती हैत ते तुम्हालाच ठावं." मग अध्यक्षांनी विचारलं, "पण सर, हे ठरवतं कोण? आपण ठराव केला तर चालतो का?"

गोलमोल उत्तर देऊन त्यांना वाटेला लावणं मला पटलं नसतं. शिक्षण हक्क कायद्याची प्रत कपाटातून काढली. कलम 29 सांगतं की अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत राज्य सरकारने नेमलेलं शैक्षणिक प्राधिकरण ठरवेल. आपल्याकडे ते म्हणजे पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. पुस्तकं बालभारती काढते. कलम 24 प्रमाणे तो अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं हे माझं कर्तव्य. आणि समितीचं काम? शाळेच्या कारभारावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाचा खर्च. समितीत 75 टक्के आईवडील असावेत असं कायदा म्हणतो, पण लेकरांना काय शिकवायचं हे त्यांच्या हातात तो देत नाही.

हे सांगताना मला फार जड गेलं. सगळ्या राज्याचा अभ्यासक्रम एक असावा, हे मला मान्य आहे. गावागावाने आपापला ठरवला तर बदलून गेलेल्या मुलाचं काय होईल? पण त्याच कलम 29 मध्ये असंही लिहिलंय की शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. अध्यक्ष म्हणाले, "मग हेच लिहा ठरावात."

लिहिलं. पहिली-दुसरीला गोरमाटीच्या आधाराने मराठी पक्की करावी, तिसरी भाषा नंतर आणावी. सगळ्यांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. ठराव केंद्रप्रमुखांकडे दिला. ते म्हणाले, "गुरुजी, वर पाठवतो. अधिकार मलाही नाही."

29 जूनला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, मुख्यमंत्र्यांनी दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं आणि तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून आणायची हे ठरवायला अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या निर्णयांविरोधात 5 जुलैला मुंबईत मोठा मोर्चा ठरला होता. तांड्यावर आनंद झाला, मलाही झाला. पण मनातली सल काही गेली नाही. राज्याच्या भाषा सल्लागार समितीने एप्रिलमध्येच हा निर्णय मागे घ्या, असं मुख्यमंत्र्यांना कळवलं होतं. तेव्हाच थांबून पहिलीच्या शिक्षकांना विचारलं असतं, तर शाळा उघडल्यावर ही धावपळ झाली नसती. निर्णय मंत्रालयातून आला, मोर्चाच्या तोंडावर मंत्रालयातूनच गेला. सहा वर्षांच्या लेकराला किती भाषा झेपतात, हा विचार या सगळ्यात कुठे झाला, ते मला दिसलं नाही.

जाधव समितीने पुढे वेगवेगळ्या शहरांत जाऊन लोकांचं म्हणणं ऐकलं. पण दिवाळीच्या सुमारास आमचे पालक ऊसतोडीसाठी कोयते घेऊन साखर कारखान्यांवर गेलेले असतात. म्हणून तांड्याच्या ठरावाची प्रत मीच समितीला पाठवली आणि सोबत दोन मागण्या जोडल्या. पहिलीच्या अभ्यासक्रमात बदल करायचा असेल तर मसुदा शाळा सुटण्याआधी, मार्चमध्येच शाळांपर्यंत यावा. आणि ज्या शाळांत घरची भाषा मराठी नाही, तिथल्या शिक्षकांचं म्हणणं वेगळं मागवावं.