अढीतला पेंढा

वैशाखात आमच्या रत्नागिरीकडच्या घरात, मागच्या काळोख्या खोलीत, आंब्यांची अढी लागते. सारवलेल्या जमिनीवर पेंढ्याचा जाड थर, त्यावर एकमेकांना न चेपता मांडलेले आंबे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे आणि सर्वांत वर पेंढ्याचे पांघरूण. हा पेंढा आमच्याच खलाटीतल्या भाताचा असतो. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून झाले की त्याची उडवी रचतात आणि ती पावसाळ्यापर्यंत गुरांना पुरवतात. अढी लावण्याचे काम काकांचे, पेंढा हातात देण्याचे माझे. गेल्या वर्षी असाच पेंढा देता देता माझ्या मनात आले की, काकांच्या हातातला आंबा आणि माझ्या हातातली वाळकी काडी ही दोन्ही बरीचशी एकाच मालाची घडलेली आहेत; तरीही आठ-दहा दिवसांनी आंबा गोड होईल आणि काडी काडीच राहील.

हा माल म्हणजे ग्लुकोज. कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू मिळून त्याचा एक रेणू होतो, आणि आंब्याचे पान काय, भाताचे पान काय, उन्हाच्या बळावर हवा आणि पाणी यांतून तो घडवत असते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यातल्यासारखेच दिसल्यामुळे अशा पदार्थांना कर्ब अधिक उदक, म्हणून कर्बोदक, असे नाव पडले. कोळशावर उदक सोडल्यासारखे हे नाव आहे. प्रत्यक्षात आत कोळसाही नाही आणि पाणीही नाही.

दोन ग्लुकोज जोडले जातात तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि असे शेकडो-हजारो रेणू जोडून झाडे लांबच लांब साखळ्या करतात. सगळी मेख सांध्यात आहे. अढीतल्या एका ओळीतल्या सगळ्या आंब्यांचे देठ एकाच बाजूला ठेवले, तर जाड बुडखे एकीकडे आणि निमुळती टोके दुसरीकडे येऊन ओळ वाकडी होत जाते. एकाचे देठ इकडे, पुढच्याचे तिकडे असे ठेवले तर ती सरळ, घट्ट बसते. ग्लुकोजचेही काहीसे तसेच आहे. सगळे मणी एकाच रोखाने जोडले की साखळीला वळण पडते आणि तिचे स्प्रिंगसारखे वेटोळे होते, ते पिष्ट, म्हणजेच स्टार्च. एकाआड एक मणी उलटा जोडला की साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजनच्या बंधांनी चिकटते आणि अशा साखळ्यांची जुडी होऊन तंतू तयार होतो, तो सेल्युलोज. पेंढ्याचा ताठपणा बहुतांशी त्या जुडीचा. उरलेल्यात लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन आहे आणि भाताने मातीतून उचललेली सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, हीही आहे, म्हणून तर पेंढा उचलताना दंडाला ओरखडे उठतात.

ही गोष्ट नुसती वाचून माझे समाधान होईना, म्हणून घरातली टिंक्चर आयोडीनची बाटली काढली आणि वाऱ्याने पडलेल्या एका कच्च्या आंब्याच्या फोडीवर थेंब टाकला. फोड बघता बघता निळीकाळी झाली, कारण आयोडीन पिष्टाच्या वेटोळ्याच्या पोकळीत जाऊन बसते. पिकल्या आंब्याच्या फोडीवर औषधाचा पिवळट डाग तेवढा पडला. पेंढ्यालाही निळाई चढली नाही. तिथे शिरायला पोकळीच नाही. दारातून डोकावलेले काका म्हणाले, “काय गो, आंब्याला लागलं काय कुठे?”

काकांना रसायनशास्त्र येत नाही, पण चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्याशिवाय ते फळ उतरवू देत नाहीत, आणि या नियमाचा अर्थ मला त्या निळ्या फोडीने कळला. झाडावर असताना आंबा गरात पिष्ट साठवत असतो. ते भरायच्या आधीच बाजारभावाच्या लोभाने फळ तोडले, तर त्याची साल पिवळी करता येते, पण गोडी आणायची कुठून? साठाच नाही. भरलेल्या फळात मात्र, फळे पिकताना सोडतात त्या इथिलीन वायूची चाहूल लागली की अमायलेजसारखी विकरे, म्हणजे एन्झाइम, पिष्टाची साखळी तोडू लागतात आणि सुट्या झालेल्या ग्लुकोजपासून मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर, तयार होते. त्याच सुमारास पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन, तेही एक कर्बोदकच, विरघळू लागते आणि फळ मऊ पडते. हापूसमध्ये कधी कधी साका निघतो. वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर बाठ्याजवळ पांढुरका, भुसभुशीत, बेचव भाग सापडतो. तिथे पिष्टाची साखर व्हायची राहून गेलेली असते. बागायतदाराला साक्याइतका मनस्ताप दुसरा कशाचा नसेल, कारण तो कळतो तेव्हा पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेली असते.

आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची मला गंमत वाटते. १८३३ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने मोड आलेल्या सातूतून पिष्टाची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला, आणि १८३८ मध्ये त्यानेच झाडांच्या पेशींच्या भिंतीतला, त्या पदार्थाला मुळीच दाद न देणारा सेल्युलोज ओळखला. किल्ली आणि ती न लागणारे कुलूप, दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागली. ती किल्ली आमच्या घरातही पूर्वापार चालत आली आहे. बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, ते त्याच जातीच्या विकरामुळे थोडे पातळ आणि गोडसर होते. आपल्या लाळेतही अमायलेज आहे. सकाळच्या पेजेतला भात गिळायची घाई न करता चावत राहिले, तर काही वेळाने जिभेवर अगदी पुसट गोडी उतरते. पण रायवळ आंबा चोखल्यावर दातांत अडकलेला धागा दिवसभर चघळला तरी तो गोड होणार नाही. उलटा जोडलेला सांधा सोडवणारे विकर आपल्या शरीरात नाही.

गाईच्याही नाही, हे मला फार उशिरा कळले. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव तिच्यासाठी पेंढा फोडतात, आणि त्यातून निघालेले ग्लुकोज तेच खाऊन टाकतात. गाईच्या वाट्याला येतात ती त्यांनी टाकलेली ॲसिटिक, प्रोपिओनिक अशी आम्ले. त्यांतल्या प्रोपिओनिकपासून तिचे यकृत पुन्हा ग्लुकोज घडवते आणि कासेत त्याची दुधातली साखर होते.

खाडीकडे पाहिले तर हाच माल तिथेही आहे. कालवांना जी किंचित गोडी असते तिच्यात त्यांनी साठवलेल्या ग्लायकोजेनचा वाटा असतो, आणि ग्लायकोजेन म्हणजे प्राण्यांचे पिष्ट. कुर्लीच्या कवचातला कायटिन मात्र पेंढ्याच्या कुळातला. सांधा तोच उलटसुलट, फक्त प्रत्येक मण्याला नायट्रोजन असलेला एक गट चिकटलेला. कुर्ल्यांचे सांबार खाऊन झाल्यावर ताटाच्या कडेला जो ढीग उरतो, त्यातही आपल्याला न जमलेली साखर असते.

दहाव्या दिवशी काकांनी अढी उलगडली. आंबे निवडून टोपलीत गेले, दोन कुजके बाहेर फेकले गेले आणि पेंढा मी कवळ्याने उचलून गोठ्यात नेला. त्याला हापूसचा इतका वास येत होता की गाय आधी नुसतीच हुंगत राहिली, आणि मग एक एक काडी ओढून सावकाश चावू लागली.